गाडी, घोंगडी आणि करिया

गेल्या जूनमधली गोष्ट. तास संपवून स्टाफरूमकडे येत होतो, तर बी.ए.च्या शेवटच्या वर्षातला एक विद्यार्थी मोबाइल घेऊन दारातच उभा. "सर, हे बघा की जरा." फोटोत एक परदेशी नवरा-बायको, दोन केसाळ कुत्री आणि मोटारीच्या मागं जोडलेली एक बुटकी, पेटीसारखी गाडी. पुढच्या फोटोत त्याच पेटीचं छप्पर वर उचललं होतं, चारी बाजूंना कापडाच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि दोन्ही अंगांना ओढून काढायचे पलंग बाहेर आले होते. मोडकळीला आलेली ही गाडी त्या दोघांनी म्हणे स्वस्तात घेतली. कुजलेल्या फळ्या बदलल्या, फाटकं कापड शिवलं, चाकांना वंगण दिलं. हा सगळा खटाटोप कशासाठी? तर हॉटेलवाले कुत्र्यांना आत घेत नाहीत आणि कुत्र्यांना सोडून यांना कुठं जायचं नाही.

"परदेशातल्या लोकांचं डोकं बघा सर, कसलं चालतंय!" विद्यार्थी म्हणाला.

मी फोटो दोनदा पाहिला आणि हसलो. "अरे बाबा, ही तर आमच्या आप्पांची गाडी!"

त्याला ते कळलं नाही. त्याचा जन्म ट्रॅक्टरच्या काळातला. म्हणून हा लेख.

निपाणीजवळच्या आमच्या गावी गोठ्याच्या मागं आप्पांची बैलगाडी पंधरा वर्षं भिंतीला टेकून उभी होती. 1974 साली आप्पांनी ती गावातल्याच सुताराकडून करवून घेतली होती. वर्षभर ती शेणखत, ऊस आणि तंबाखूची बोदं ओढायची. 1981 च्या तंबाखू आंदोलनात शेतकरी महामार्गावर येऊन बसले, तेव्हा भाकरीची गाठोडी घेऊन ती तिथंही जाऊन आली. पण माघ उजाडला की या मालगाडीचं रूप पालटायचं. साटीवर कडब्याच्या पेंढ्या, पेंढ्यांवर वाकळ, दोन्ही बाजूंना बांबूच्या कमच्या खोचून वर कमान, कमानीवर तट्ट्या आणि तट्ट्यावर घोंगडी. अर्ध्या तासात घर तयार. जत्रेहून परत आलं की कमच्या काढायच्या, तट्ट्या गुंडाळून माळ्यावर टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत शेण भरायचं. उघडतं-मिटतं घर आमच्या आप्पांना कुठल्या परदेशी माणसानं शिकवलं नव्हतं. मराठीत आपण छकडा म्हणतो, कन्नडमध्ये चक्कडी म्हणतात. सीमेच्या दोन्ही अंगांना जत्रेची वाट तिनंच तुडवलेली.

आमची जत्रा म्हणजे रायबाग तालुक्यातल्या चिंचलीच्या मायाक्काची, माघी पौर्णिमेची. बेळगावकडची मंडळी सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जातात, आमचा निपाणी-चिकोडीचा टापू चिंचलीला. दोन्हीकडे मराठी आणि कन्नड माणूस एकाच माळावर चूल मांडतो. गाडीत आजी असायची, आई, आम्ही भावंडं, चुलत्यांची पोरं, पिठाचा डबा, चटणीची बरणी. कण्याला बांबूचा वंगणाचा नळा लटकलेला. 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण मी वर्गात शिकवतो, पण नळा पाहिलेला विद्यार्थी आता मिळत नाही. आणि नळ्याच्या मागं, गाडीच्या सावलीत, दोन चाकांच्या मधोमध आमचं कुत्रं. त्याला कुणी बोलवायचं नाही की हाकलायचं नाही. घर निघालं म्हणजे तेही निघालं.

मग रस्ते डांबरी झाले, ट्रॅक्टर आला, पुढं भाड्याची जीप आली. तीन दिवसांची वाट दोन तासांवर आली. सोय झाली, यात शंका नाही. पण जीपमध्ये जागा मोजावी लागते. जागा मोजायला लागलं की कुणाला वगळायचं हेही ठरवावं लागतं. पहिल्यांदा कुत्रं वगळलं गेलं. "जीपमध्ये कुत्रं कशाला?" एवढ्या एका वाक्यात निकाल लागला. तो निकाल देणारा मीच होतो, हे आधीच सांगून टाकतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही करियाला शेजारच्या गोठ्यात बांधून जत्रेला गेलो. करिया म्हणजे आमचा काळा कुत्रा. नाव माझ्या पत्नीनं ठेवलेलं. तिचं माहेर गोकाककडचं. आई त्याला काळू म्हणते. तो दोन्ही नावांना ओ देतो. पत्नी "कुंदर" म्हणाली की खाली बसतो आणि आई "ये रं" म्हणाली की उठतो. शेजाऱ्यांनी त्याला वेळेवर भाकरी घातली, पण त्यानं तोंड लावलं नाही. दुसऱ्या रात्री त्यानं दावं तोडलं. आम्ही परत आलो तेव्हा गोठ्यात दाव्याचं टोक होतं आणि करिया नव्हता. चौथ्या दिवशी तो चिकोडी रस्त्यावरच्या एका चहाच्या गाड्यामागं सापडला. आम्ही ज्या वाटेनं गेलो, त्याच वाटेनं तो निघाला होता. कुठल्यातरी वाहनानं मागचा पाय चिरडला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय वाचवला, लंगडणं मात्र राहिलं.

आई त्या दिवशी काही बोलली नाही. पुढच्या माघात दादानं जीप ठरवली, तेव्हा म्हणाली, "तुम्ही जावा. मी न्हाई येणार. त्या मुक्या जिवाला मागं टाकून गेलो, आता देवीला काय तोंड दाखवू?" दोन वर्षं ती गेली नाही. अठ्ठ्याहत्तरीची आई. जीपच्या पायरीवर चढताना तिचे गुडघे बोलतात, हेही खरं होतं. म्हणजे त्या 'सोयीच्या' जीपमधून आमच्या घरातले दोघंजण उतरले होते आणि जागा रिकामी झाली म्हणून आम्ही पाहुण्यांना घेऊन गेलो होतो.

विद्यार्थ्यानं फोटो दाखवला त्या रविवारी मी गावी गेलो आणि दादाला म्हटलं, "गाडी दुरुस्त करूया." दादा शेतकरी माणूस. त्यानं खर्चाचा विचार केला, बैलांचा विचार केला आणि मग म्हणाला, "बघू सुतार काय म्हणतोय."

सुतार म्हणजे चिकोडीकडचे बडिगेर अज्जा. वय सत्तरीपार. आता चौकटी-दरवाजेच करतात, पण हात गाडीचा. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तुंब्यावर हातोडीनं टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "मर गट्टी ऐती, सर." लाकूड मजबूत आहे. बाभळीचा तुंबा पन्नास वर्षांनीही शाबूत होता. मात्र डाव्या चाकाचे बारापैकी पाच आरे खिळखिळे झाले होते आणि घेराच्या सहा लाकडी तुकड्यांपैकी दोन वाळवीनं पोखरले होते. साटीच्या तीन फळ्या तर बोटानं दाबल्या तरी भुगा व्हायच्या.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. वाळलेली बाभूळ मिळवण्यातच तीन आठवडे गेले. ओलं लाकूड वापरलं तर पुढं ते आकसतं आणि आरे तुंब्यात हलायला लागतात. नवे आरे तासून झाले, तुकडे जोडून घेर पुरा झाला. मग ज्या कामाची मी लहानपणापासून आठवण काढत होतो, ते काम आलं. धाव बसवणं.

धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. ती चाकाच्या घेरापेक्षा जराशी लहानच करायची असते. लोहारानं मोकळ्या जागेत शेणींचं गोल कडं रचलं, त्यात धाव ठेवली आणि आग लावली. लोखंड तापून लाल झालं की ते पसरतं. तेवढ्या क्षणात तिघांनी सांडशीनं उचलून ती चाकावर बसवायची, घणानं ठोकायची आणि लाकूड जळायच्या आत पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठला आणि त्या वाफेतून एकामागून एक कटाकट आवाज आले. थंड होताना लोखंड आकसत होतं आणि आरे तुंब्यात, घेर आऱ्यांवर घट्ट बसत होता. त्या जुन्या चाकात ना खिळा होता, ना स्क्रू. आकसणाऱ्या लोखंडाच्या मिठीवर सगळं चाक उभं असतं. माझ्या मुलीनं हे भौतिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं. धुरात डोळे पुसत ती म्हणाली, "बाबा, हे परीक्षेला विचारतात."

बुरुडाकडून नव्या कमच्या आणि तट्ट्या आणला. घोंगडी जुनीच. दादानं मागच्या बाजूला लाल आणि बाजूंना पिवळ्या रेडियमच्या पट्ट्या मारल्या. उसाच्या हंगामात अंधारात उभ्या गाड्यांना मागून वाहन धडकल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. एक कंदीलही लटकवला. बैलांबाबत आपल्याकडे 1965 पासून केंद्राचे नियम आहेत, हे मला या निमित्तानं कळलं. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही आणि पारा 37 अंशांवर जातो अशा भागात दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "आप्पा ह्यापेक्षा कमीच चालवायचे."

आता कुत्र्यांविषयी. आपल्या भागात चालत्या घराबरोबर कुत्रं ही काही नवलाची गोष्ट नाही. धनगरांचा वाडा हलतो तेव्हा तट्टावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबडी आणि लहान मूल, आणि मेंढरांच्या कडेनं कुत्री. रात्री वाघुरीभोवती तीच राखण करतात. ज्यांच्या मेंढरांचे कळप आजही गावोगाव फिरतात ते बाळूमामा आपल्याच अक्कोळचे. 1892 मध्ये जन्मले, 1966 मध्ये आदमापुरात त्यांनी देह ठेवला. उसाच्या फडावर येणारी तोडणी कामगारांची टायरची गाडी पाहा. तिच्यात चूल, ट्रंक, पोरं असं सगळं असतं आणि खाली बांधलेलं एक कुत्रंही. त्यांचा प्रवास हौसेचा नव्हे, पोटाचा. तरीसुद्धा कुत्र्याला मागं टाकलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि मुधोळचं कुत्रं तर आपल्या शेजारचं. लांब पाय, बारीक कंबर, वाऱ्यासारखी धाव. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात नावारूपाला आणली आणि इंग्लंडच्या राजाला तिची जोडी भेट दिली. 2005 मध्ये भारतीय टपाल खात्यानं तिचं तिकीट काढलं. 2016 मध्ये मुधोळजवळच्या तिम्मापूरच्या संशोधन केंद्रातून सैन्यानं पिल्लं नेली. महाराष्ट्रात याच कुत्र्याला कारवानी म्हणतात. व्यापाऱ्यांच्या, भटक्यांच्या कारवानाबरोबर चालणारं, म्हणून हे नाव, असं मानतात. परदेशातल्या त्या पेटीवजा गाडीलाही लोक कॅराव्हॅनच म्हणतात. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा मला या कारवानी कुत्र्याचीच आठवण झाली होती.

आमच्याकडे करियाबरोबर आता दीड वर्षाची मणी आहे. तिच्या कंबरेकडे बघून गावकरी म्हणतात, हिच्यात मुधोळचं रक्त आहे. असेलही. निघण्याच्या महिनाभर आधी दोघांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलेलं इथं लिहितो, कारण जीपनं जाणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की द्यायची आणि पुढं दरवर्षी चुकवायची नाही. लसीचं कार्ड बरोबर ठेवायचं. निघण्यापूर्वी पोटभर खायला घालायचं नाही, पाणी मात्र तासा-तासाला द्यायचं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग थंड करतं. म्हणून बंद काचांच्या उभ्या मोटारीत त्याला पाच मिनिटंही ठेवायचं नाही, सावलीत असली तरी. डांबरी रस्त्यावर चालवण्यापूर्वी आपला तळहात उलटा करून रस्त्यावर टेकवायचा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. जत्रेतलं शिजवलेलं हाड द्यायचं नाही, ते फुटून घशात-आतड्यात रुततं. कांदा, मनुका आणि चॉकलेट त्याला विषासारखं. गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोन नंबर. आणि कुणालाही कुठल्याही कुत्र्याचा दात लागला तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून तडक दवाखाना गाठायचा, हळद-चुन्यात वेळ घालवायचा नाही. रेल्वेनंही कुत्र्याला नेता येतं. एसी फर्स्ट क्लासचा कूपे किंवा केबिन पूर्ण आपल्या नावावर असेल तर सोबत, नाहीतर ब्रेकव्हॅनमधल्या पेटीत.

पौर्णिमेच्या चार दिवस आधी पहाटे आम्ही निघालो. महामार्ग टाळून आतल्या रस्त्यानं चिकोडी, तिथून रायबाग, मग चिंचली. साठेक किलोमीटर, तीन दिवसांत. आई पेंढ्यांवर बसली. गाडीची साटी जीपपेक्षा उंच, पण दादानं बाजेचा स्टूल लावला आणि दोघींनी हात दिला. तिचे गुडघे बोलले, पण ती बोलली नाही. करियाला मी उचलून तिच्या शेजारी ठेवलं. मणी आपणहून खाली गेली आणि दोन चाकांच्या मधोमध चालू लागली. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मला कंटाळा आला, हे कबूल करतो. ताशी तीन किलोमीटरच्या वेगाची सवय मोडलेली. दुसऱ्या दिवशी दिसायला लागलं. कुठल्या विहिरीवर पाणी आहे, कुठल्या वस्तीवर आपल्याला ओळखणारं कुणी आहे. रस्त्याकडेच्या बायका आईला विचारायच्या, "याव ऊरु?" आणि आई मराठीत उत्तर द्यायची. त्यांना ते कळायचं. एका वस्तीवर म्हातारीनं ताक आणून दिलं, पहिल्यांदा आम्हाला आणि मग नारळाच्या करवंटीत करियाला. "नायीगू बिसिल हत्तैती," म्हणाली. कुत्र्यालाही ऊन लागलंय.

तिसऱ्या रात्री मुक्कामाच्या माळावर गाड्या आणि ट्रॅक्टर दाटीनं लागले होते. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. मणी माझ्या पायात शिरली. करिया आईच्या कुशीतून उठला, गाडीतून उडी मारली आणि अंधारात दिसेनासा झाला. त्या पायानं त्यानं उडी मारली कशी, कोण जाणे. माझ्या डोळ्यांपुढं ते तुटलेलं दावं आलं. बॅटरी घेऊन मी आणि मुलगी तासभर फिरलो. "करिया!" "काळू!" दोन्ही नावांनी हाका मारल्या. अनोळखी माणसंही आपापल्या बॅटऱ्या घेऊन आमच्याबरोबर शोधायला लागली. शेवटी हात हलवत परत आलो, तर पत्नी गाडीजवळ उकिडवी बसून खाली बघत होती. ओठावर बोट. करिया गाडीखाली होता. दोन चाकांच्या मधोमध, वंगणाच्या नळ्याखाली, नाक शेपटीत खुपसून बसलेला. बहुधा माळाला एक फेरी मारून तो परत आला होता. या वेळी त्याला शोधत जावं असं घर कुठं गेलंच नव्हतं, ते इथंच होतं.

मी त्याला उचलायला गेलो तर पत्नी म्हणाली, "इरली बिडरी. नायीनू मनी मंदीन." राहू द्या, कुत्रंही घरचंच माणूस. मग तिनं आईची जुनी वाकळ काढून खाली सरकवली. आई वरून सगळं ऐकत होती. "गावलं नव्हं?" एवढंच तिनं विचारलं आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी 'मायाक्काच्या नावानं चांगभलं' म्हणत दर्शन झालं. देवळाच्या गर्दीत कुत्र्यांना नेलं नाही, ते योग्यही नव्हतं. दादा गाडीजवळ थांबला. आई परत आली ती मुठीत भंडारा घेऊन. तिनं आधी बैलांच्या कपाळाला लावला, मग चाकांना, मग करियाच्या काळ्या कपाळावर. तो पिवळा ठिपका आठवडाभर टिकला.

या दुरुस्तीला आणि प्रवासाला खर्च किती आला, असं सहकारी विचारतात. तेवढ्यात जीपनं चार जत्रा झाल्या असत्या, हे खरं. प्रत्येकानं बैलगाडी करावी असं मला म्हणायचंही नाही. दादाकडे बैल आहेत, मला सुट्टी मिळाली, अज्जांचे हात अजून चालतात, म्हणून हे जमलं. पण निघताना 'जागा किती' हे मोजण्याआधी 'घरात कोण कोण' हे मोजायला काही खर्च येत नाही. तुमच्या जीपमध्ये आजीसाठी एक पायरीचा स्टूल ठेवता येईल, कुत्र्यासाठी पायाशी एक गोणपाट टाकता येईल, आणि अगदीच जमत नसेल तर ज्याच्याकडे त्याला ठेवायचं त्याची ओळख महिनाभर आधी तरी करून देता येईल. आम्ही तेवढंही केलं नव्हतं.

गाडी आता पुन्हा गोठ्यामागं आहे. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच ती भिंतीला टेकलेली नाही, चारी बाजूंनी मोकळी उभी आहे. कमच्या काढून तट्ट्या माळ्यावर टाकायला दादा गेला, तर आईनं त्याला थांबवलं. "राहू दे तसाच. करिया दुपारचा तिथं झोपतोय."